साह्य निराळे, हमी निराळी

४ एप्रिल २०२३ रोजी ब्रुसेल्स येथे उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या, म्हणजे ‘नाटो’च्या, कचेरीसमोर फिनलंडचा ध्वज चढला. त्यानंतर अकरा महिन्यांनी, ७ मार्च २०२४ रोजी, स्वीडनही त्याच पंक्तीत येऊन बसले. जगाच्या धकाधकीत या दोन घटना चार दिवस चर्चिल्या गेल्या आणि मागे पडल्या. परंतु ज्यांना करारनाम्यातील शब्दांचे मोल कळते, त्यांनी या घटनांपाशी थोडे थांबून विचार करावयास हवा होता. कारण ही दोन्ही राष्ट्रे नाटोला परकी नव्हती. १९९४ च्या मे महिन्यातच त्यांनी नाटोशी भागीदारी जोडली होती. बोस्नियात, कोसोव्होत, अफगाणिस्तानात त्यांचे सैनिक नाटोच्या सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. २०११ साली लिबियावरील मोहिमेत स्वीडनची विमाने टेहळणीच्या कामावर गेली होती. तोफांचे मोजमाप एक, संदेशांची भाषा एक, कवायतींची शिस्त एक. इतका घरोबा एकोणतीस वर्षे नांदत असताना, दोनशे वर्षांचे तटस्थतेचे व्रत मोडून स्वीडनने आणि तेराशे किलोमीटरांहून लांब सरहद्द रशियाला भिडलेल्या फिनलंडने उंबरठा ओलांडून आत येण्याची एवढी निकड का मानावी?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. साह्य निराळे आणि हमी निराळी. ओसरीवर बसणाऱ्या पाहुण्याचा आदरसत्कार कितीही झाला, तरी घरावर दरवडा पडला असता दार आतून लावून घेणारे आतलेच असतात, आणि पाहुणा बाहेर राहतो. हे कटू सत्य आहे, आणि ते युरोपच्या पूर्व सीमेवर गेल्या दोन दशकांत रक्ताने लिहिले गेले आहे.

प्रथम कागद काय म्हणतो ते पाहू. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी सही केलेल्या कराराचे पाचवे कलम असे सांगते की, युरोपात वा उत्तर अमेरिकेत एका सभासदावर झालेला सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला समजला जाईल, आणि प्रत्येक सभासद आपणांस आवश्यक वाटेल ती कृती करून, जरूर तर शस्त्र उचलून, त्याच्या मदतीस जाईल. ‘आवश्यक वाटेल ती’ या शब्दांत पळवाट आहे हे खरे. तथापि पाऊण शतकाच्या व्यवहाराने, एकत्रित सेनापतित्वाने आणि एकमेकांच्या भूमीवर ठेवलेल्या सैन्याने या शब्दांना वजन आणले आहे. या कलमाचा प्रत्यक्ष आधार एकदाच घेतला गेला, आणि तोही ज्यांच्या छत्राखाली इतर उभे होते त्या अमेरिकेसाठी, १२ सप्टेंबर २००१ रोजी.

भागीदारीचा कागद याहून निराळा आहे. सोव्हिएट संघराज्य कोसळल्यानंतर पूर्व युरोपातील राष्ट्रे नाटोच्या दारी येऊन उभी राहिली. त्यांना एकदम आत घ्यावे तर मॉस्को बिथरेल, आणि दाराशीच परतवावे तर ती निराधार होतील, अशा पेचात १९९४ च्या जानेवारीत ‘शांततेसाठी भागीदारी’ या नावाची योजना नाटोने पुढे केली. प्रत्येक राष्ट्राने नाटोशी स्वतंत्र करार करावा, आपल्या गरजेप्रमाणे सैनिकी शिक्षण, संयुक्त सराव, शांतिरक्षणाच्या मोहिमा, संरक्षण खात्यावर लोकनियुक्त सरकारचे नियंत्रण, यांतून हवे ते निवडावे, असे तिचे स्वरूप. संरक्षणाविषयी त्या कागदात एकच वचन आहे. भागीदार राष्ट्राला आपल्या भूमीच्या अखंडतेला, राजकीय स्वातंत्र्याला वा सुरक्षिततेला प्रत्यक्ष धोका वाटला, तर नाटो त्याच्याशी विचारविनिमय करील. विचारविनिमय करील, इतकेच. सभासदासाठी सैन्य, आणि भागीदारासाठी बैठक. या दोन शब्दांतील अंतरात राष्ट्रेच्या राष्ट्रे होरपळली आहेत.

ही योजना निरुपयोगी होती असे म्हणण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. तिच्याच पायऱ्या चढून पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक १९९९ साली आत गेले. २००४ साली आणखी सात राष्ट्रे गेली. आणि फिनलंड व स्वीडन धरून एकंदर सोळा भागीदार आज सभासद आहेत. ज्या सैन्यांनी चाळीस वर्षे एका पक्षाच्या हुकुमतीखाली काढली होती, त्यांना लोकसभेच्या आज्ञेत राहण्याचे वळण लावणे हे काही लहान कार्य नव्हे. पायरी म्हणून भागीदारी उत्तमच. प्रश्न उभा राहतो तो ज्यांना त्या पायरीवरच वर्षानुवर्षे उभे करून ठेवले गेले त्यांचा.

त्यांतील पहिले नाव जॉर्जियाचे. कॉकेशस पर्वताच्या कुशीतील हे लहानसे राष्ट्र १९९४ पासून भागीदार. नाटोच्या मोहिमेत अफगाणिस्तानात त्याने आपले सैन्य पाठविले, आणि पुढे तर सभासद नसलेल्या राष्ट्रांत सैन्य पुरविण्याच्या बाबतीत ते अग्रभागी राहिले. त्याच्या तिसांहून अधिक सैनिकांनी तेथे देह ठेवला. अमेरिकेच्या साह्यार्थ इराकमध्येही त्याचे सुमारे दोन हजार सैनिक होते. २००८ च्या एप्रिलमध्ये बुखारेस्ट येथे नाटोची शिखर परिषद भरली. जॉर्जिया व युक्रेन यांना सभासदत्वाच्या तयारीचा रीतसर कार्यक्रम द्यावा असा अमेरिकेचा आग्रह होता. जर्मनी व फ्रान्स यांचा त्यास विरोध होता. अखेर तडजोड निघाली. ही राष्ट्रे सभासद होतील असे जाहीर करावयाचे. परंतु केव्हा, कोणत्या मार्गाने, आणि तोपर्यंत त्यांच्या रक्षणाचे काय, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नाही. दोन्ही पक्षांनी आपापल्या घरी समाधान सांगितले, आणि घोषणापत्र छापले गेले.

ते छापील शब्द वाळून चार महिने होतात न होतात तोच, ऑगस्टमध्ये, दक्षिण ओसेतियात ठिणगी पडली आणि रशियाचे रणगाडे जॉर्जियात शिरले. पाच दिवसांचे ते युद्ध. इराकमधील जॉर्जियन सैनिकांना अमेरिकेच्या विमानांनी मायदेशी आणून सोडले. दुसऱ्याच्या लढाईवर गेलेल्या भागीदाराला स्वतःच्या लढाईसाठी मिळालेले लष्करी साह्य ते एवढेच. त्या महिन्याच्या २६ तारखेस रशियाने अबखाझिया व दक्षिण ओसेतिया यांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मान्यता दिली, आणि जॉर्जियाची सुमारे एक पंचमांश भूमी त्याच्या हातून गेली. नाटोने काय केले? जॉर्जियासाठी एक आयोग स्थापन केला. रशियाबरोबरच्या परिषदेच्या बैठका थांबविल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या पुन्हा सुरू केल्या.

युक्रेनची कथा याहून मोठी आणि याहून शोकदायक. सोव्हिएट संघराज्य फुटले तेव्हा जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर राहिला होता. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी युक्रेनबरोबर एका निवेदनावर सह्या केल्या. युक्रेनने ती अस्त्रे सोडावी, आणि त्याच्या सरहद्दींचा व स्वातंत्र्याचा मान तिघांनी राखावा, असा त्याचा आशय. या कागदाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या इंग्रजी प्रतीत ‘आश्वासन’ या अर्थाचा शब्द आहे, आणि युक्रेनी व रशियन प्रतींत ‘हमी’ या अर्थाचा. एकाच कागदावर, एकाच मेजावर, चौघांनी सह्या केल्या. परंतु एकाने हमी वाचली आणि दुसऱ्याने आश्वासन लिहिले. वीस वर्षांनी, २०१४ साली, क्रिमिया गिळंकृत झाला तेव्हा या शब्दभेदाची किंमत कळली. आणि ती गिळंकृत करणारा तर त्या कागदावर सही करणाऱ्यांपैकीच एक होता!

२०१४ नंतर नाटोने आणि तिच्या सभासदांनी युक्रेनला पुष्कळ साह्य केले. २०१५ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांचे शिक्षक युक्रेनमध्ये राहून तेथील सैनिकांना शिकवू लागले. पोलंडच्या सरहद्दीजवळचे याव्होरिव्ह येथील शिक्षणकेंद्र त्या कामी गजबजलेले असे. त्याच सुमारास बाल्टिक समुद्राकाठच्या एस्तोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया या तीन सभासद राष्ट्रांत आणि पोलंडमध्येही नाटोने २०१७ पासून आपल्या पलटणी आणून ठेवल्या. दोन्हीकडे परदेशी गणवेश, दोन्हीकडे सराव, दोन्हीकडे मैत्रीची भाषणे. वरवर पाहणाऱ्याला भेद दिसला नसता.

तो भेद २०२२ च्या फेब्रुवारीत लख्ख दिसला. रशियाची स्वारी होणार अशी चिन्हे स्पष्ट झाली, आणि त्या एकाच महिन्यात युरोपच्या पूर्व कडेला दोन प्रवास घडले. युक्रेनमधील अमेरिकन, ब्रिटिश व कॅनेडियन शिक्षक आपली सामग्री आवरून सरहद्दीबाहेर निघून गेले. आणि बाल्टिक राष्ट्रांतील व पोलंडमधील पलटणींच्या भरतीला नव्या तुकड्या येऊन दाखल झाल्या. तेरा लाख वस्तीच्या एस्तोनियाला संकटाच्या चाहुलीबरोबर सैन्य मिळाले; चार कोटी वस्तीच्या युक्रेनला त्याच चाहुलीबरोबर निरोप मिळाला. कोणी विश्वासघात केला असे नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदाप्रमाणेच वर्तन केले. आमचे म्हणणे इतकेच की, तो कागद आधी वाचावयास हवा होता. फिनलंड आणि स्वीडन यांनी तो फेब्रुवारीत वाचला, आणि मे महिन्यात सभासदत्वासाठी अर्ज केला.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो निघणे योग्यही आहे. कोणी म्हणेल, नाटोने दाराशी उभे राहू दिले म्हणूनच रशिया चवताळला, दोष बोलावणाऱ्याचा. आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाही. शेजारी कोणाशी सोयरीक जोडतो हे पाहून त्याच्या घरात घुसण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. ज्या राष्ट्राने स्वतः १९९४ च्या जूनमध्ये हीच भागीदारी पत्करली होती, त्या रशियाला तर तो मुळीच पोहोचत नाही. आक्रमण करणारा तो आक्रमकच. परंतु आक्रमकाचा दोष मोठा म्हणून मध्यस्थांचा दोष नाहीसा होत नाही. मुदतीवाचून दिलेले वचन हे ज्याच्या बाजूने दिले त्याला संरक्षण देत नाही, आणि ज्याच्या विरुद्ध दिले त्याला मात्र चिथावणी देते. ‘आज नव्हे, पण पुढे केव्हातरी’ असे सांगणे म्हणजे वैऱ्याला ‘मग आजच’ असे सुचविणे होय. बुखारेस्टच्या घोषणापत्राचा हाच अपराध आहे. स्पष्ट होकार आला असता तर रशियाला दहा वेळा विचार करावा लागला असता. स्पष्ट नकार आला असता तर जॉर्जियाने व युक्रेनने आपले धोरण त्या मापाने बेतले असते. दोन्ही टाळून अर्धे वचन दिले गेले, आणि अर्ध्या वचनाची पुरी किंमत भागीदारांनी मोजली.

कोणी विचारील, या दूरदेशीच्या करारांशी आमच्या सीमाभागाचा आणि गोमंतकाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. १९४९ च्या त्या बारा सह्यांत एक सही सालाझारच्या पोर्तुगालची होती. लोकशाहीच्या रक्षणार्थ निघालेल्या संघटनेत एक निखळ हुकूमशहा मूळ सभासद म्हणून बसला होता, कारण अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवरील तळ सर्वांस हवे होते. त्याच्या ताब्यात गोवा, दमण, दीव होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांनी संयुक्त पत्रक काढून ‘पूर्वेकडील पोर्तुगीज प्रांतां’चा उल्लेख केला, आणि गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत असल्याचे जग मानते असे डलेससाहेबांनी वर बोलूनही दाखविले. पंडित नेहरूंसह सारा देश संतापला. गोव्यावर हात टाकला तर नाटो धावून येईल की काय, ही धास्ती तेव्हा पुष्कळांच्या मनात होती, आणि सालाझारच्या मनात तीच आशा होती.

परंतु ज्यांनी कागद वाचला होता त्यांना ठाऊक होते. त्या कराराचे सहावे कलम पाचव्या कलमाची हद्द आखून देते. सभासदांची युरोपातील व उत्तर अमेरिकेतील भूमी, त्या वेळचा फ्रान्सचा अल्जीरिया, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेस अटलांटिक महासागरात असलेली बेटे. मांडवीचे पाणी अटलांटिकला मिळत नाही, आणि पणजी कर्कवृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस आहे. १९६१ च्या डिसेंबरात बेळगावच्या परिसरात भारतीय सैन्य जमले, १८ तारखेस ते गोव्यात शिरले, आणि १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांनी शरणपत्रावर सही केली. अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम कागदावरच राहिला. त्या दीड दिवसात नाटोची एकही युद्धनौका पोर्तुगालसाठी हिंदी महासागरात आली नाही. १३७३ पासूनच्या मैत्रीची आठवण सालाझारने ब्रिटनला करून दिली. राष्ट्रकुलातील भारताविरुद्ध आपण लढू शकत नाही असे उत्तर आले. युनोच्या सुरक्षा समितीत मात्र नाटोचे सभासद एकवटले. युद्ध थांबवून सैन्य मागे घ्यावे, या ठरावाच्या बाजूने सात मते पडली, त्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान अशी नाटोतील चार होती. विरुद्ध चार मते पडली, आणि सोव्हिएट नकाराधिकाराने ठराव कोसळला. आम्ही त्या वेळी हद्दीच्या पलीकडे उभे होतो, म्हणून ती हद्द आमच्या पथ्यावर पडली. परंतु तिच्यातून निघणारा धडा दोन्ही बाजूंना सारखाच आहे. सभासद असूनही हद्दीबाहेरच्या मुलखासाठी पोर्तुगालला मते मिळाली, माणसे मिळाली नाहीत. मग जो मुळात सभासदच नाही, त्याने किती आशा बाळगावी?

आणखी एक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. १९५४ साली आग्नेय आशियासाठी ‘सीटो’ हा करार झाला आणि पाकिस्तान त्यात सामील झाले. सही करतानाच अमेरिकेने एक पुस्ती जोडली होती. आपली जबाबदारी कम्युनिस्ट आक्रमणापुरतीच मर्यादित राहील, असे तिने लिहून ठेवले. पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी रणगाडे मोजले, ती ओळ मोजली नाही. १९६५ साली युद्ध पेटले तेव्हा अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा बंद केला. १९७१ साली तर पाकिस्तानचा पूर्व भाग त्याच्या हातून गेला आणि ‘सीटो’ने शस्त्र उचलले नाही. त्याच १९७१ च्या ९ ऑगस्टला भारताने सोव्हिएट संघराज्याशी करार केला, त्याच्या नवव्या कलमातही, हल्ला वा हल्ल्याचा धोका उद्भवल्यास उभयतांनी तत्काळ विचारविनिमय करावा, एवढेच म्हटले होते. भारताने त्याचा अर्थ बरोबर ओळखला. मित्राने आकाशातील ढग अडवावे, शेत मात्र आपणच नांगरावे, हे जाणून त्याने आठ महिने आपले सैन्य सज्ज केले आणि डिसेंबरात आपल्याच बळावर लढाई जिंकली. कागद सारखेच दुबळे होते. एकाने त्यांवर भिस्त ठेवली, दुसऱ्याने त्यांचा उपयोग केला.

येथेच या साऱ्या विवेचनाचे सार आहे. भागीदारी ही ढाल नव्हे, ती तालीम आहे. तालमीत वस्ताद डाव शिकवील, खुराकाची सोय करील, लंगोट कसून देईल. कुस्ती मात्र ज्याची त्यालाच मारावी लागते. युक्रेनने २०१४ ते २०२२ ही आठ वर्षे तालमीत घालविली, म्हणूनच कीव्ह पडले नाही. तीन दिवसांत राजधानी घेऊ अशा गुर्मीत आलेले सैन्य सव्वा महिन्याने कीव्हच्या वेशीवरून माघारी फिरले, हे शिकविलेल्या विद्येचे आणि त्याहून अधिक शिकणाऱ्यांच्या छातीचे फळ होते. म्हणून साह्य व्यर्थ, असे आम्ही म्हणत नाही. साह्याला हमी समजणे घातक, असे म्हणतो. त्यानंतर शस्त्रांचा ओघ आला, २०२४ च्या जानेवारीपासून ब्रिटन व इतर राष्ट्रांनी युक्रेनशी दहा-दहा वर्षांचे सुरक्षा करार केले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत वॉशिंग्टन येथे नाटोने युक्रेनचा सभासदत्वाकडे जाणारा मार्ग आता मागे फिरणारा नाही असे जाहीर केले. शब्द भारदस्त झाले खरे. परंतु १९९४ चे, १९९७ च्या सनदेचे आणि २००८ चे शब्द ज्यांनी वाचले आहेत, ते नव्या शब्दांतही तारीखच शोधतील, आणि तारीख तेथे नाही.

फिनलंडकडे पाहिले म्हणजे दुसरी बाजू उजळते. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएट सैन्य त्याच्यावर चालून गेले तेव्हा राष्ट्रसंघाने आक्रमकाला संघातून काढून टाकले, पण फिनलंडसाठी फौज उभी केली नाही. तो अनुभव त्या राष्ट्राने कधी विसरू दिला नाही. सक्तीचे लष्करी शिक्षण त्याने चालू ठेवले, आणि पंचावन्न लाख वस्तीतून युद्धकाळी अडीच लाखांहून अधिक सैन्य उभे करण्याची व्यवस्था जपली. म्हणून २०२२ साली ते नाटोच्या दारी गेले तेव्हा याचक म्हणून गेले नाही. काही आणून देणारा म्हणून गेले. दार त्याच्यासाठी लवकर उघडले याचे हेही एक कारण आहे. दुर्बळाला हमी देणे हे सर्वांस ओझे वाटते. सबळाला हमी देणे हा सौदा वाटतो. हे न्याय्य नसेल, पण हे असे आहे.

मग भागीदार राष्ट्रांनी काय करावे? साह्य अवश्य घ्यावे, परंतु त्याची वही निराळी ठेवावी आणि हमीची वही निराळी. दुसऱ्याच्या मोहिमांवर आपली माणसे पाठविताना, आपल्या मोहिमेत कोण येणार हे लेखी विचारावे. आणि नाटोने काय करावे? ज्या राष्ट्रास आत घ्यावयाचे त्यास तारीख द्यावी, व तोपर्यंतच्या रक्षणाची तजवीज त्याच कागदावर लिहावी; ज्यास घ्यावयाचे नाही त्यास तोंडावर तसे सांगावे. नकाराने मैत्री तुटत नाही, टोलवाटोलवीने तुटते. मोल्दोव्हासारखी राष्ट्रे आजही त्या ओसरीवर आहेत. त्यांना आणखी एका आयोगाची, आणखी एका सनदेची जरूर नाही. आपण कोठे उभे आहोत हे त्यांना कळले पाहिजे.

आम्ही सीमावासीयांनी हे लिहावे यात नवल नाही. राष्ट्रांच्या रणसंग्रामाशी आमच्या लोकशाही लढ्याची तुलना करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. आमचा देश एक आहे, आणि आमचे भांडण त्याच्या घटनेच्या चौकटीतील आहे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही एक विद्या पुरती शिकलो आहोत, ती म्हणजे शब्दांचे वजन करण्याची. ‘विचार करू’, ‘योग्य वेळी’, ‘सर्वांच्या संमतीने’ या शब्दांत आमच्या तीन पिढ्यांचे आयुष्य गेले. आयोग आले, अहवाल आले, २००४ सालापासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. सहानुभूतीने पाठीवरून फिरलेला हात आणि कागदावर उमटलेली सही यांतील फरक बेळगावच्या, निपाणीच्या, खानापूरच्या माणसाला कोणी शिकवावयास नको.

म्हणूनच कीव्हच्या आणि तिबिलीसीच्या माणसाचे दुःख आम्हांस दूरचे वाटत नाही. जो आपला म्हणवितो त्याला आपण नेमके कोणत्या ओळीच्या आत बसतो हे विचारण्याचा हक्क आहे, आणि जो मित्र म्हणवितो त्याचे ती ओळ स्पष्टपणे दाखविणे हे कर्तव्य आहे. हा हक्क ज्यांनी वेळीच बजावला, त्यांचा ध्वज ब्रुसेल्समध्ये चढला. ज्यांना हे कर्तव्य करणारा मित्र भेटला नाही, त्यांच्या शेतांतून आज रणगाड्यांच्या चाकोऱ्या उमटल्या आहेत.